नेथन रोडची मुलं

जॉर्डन स्टेशनच्या एका तोंडाशी माशाचे गोळे विकणारं छोटं दुकान आहे. दहा-अकरा वर्षांचा एक नेपाळी मुलगा शाळेच्या गणवेशात तिथं उभा राहून दुकानदार बाईशी भरभर कँटोनीजमध्ये बोलत होता. रस्सा तिखट हवा, काड्या दोन हव्यात, कालचे सुटे तुझ्याकडेच राहिलेत. बाईनं मान वर न करताच त्याला हवं ते बांधून दिलं आणि वर काहीतरी खेकसली. तोही तसाच खेकसला आणि दोघं हसले. नुसतं ऐकणाऱ्याला ते हाँगकाँगच्या कुठल्याही पोराचं बोलणं वाटलं असतं. पाच पावलांवर त्याची आई उभी होती. तिच्या हातात शाळेतून आलेली सूचना होती, पाठपोट छापलेली, खाली सही करून फाडून द्यायची पट्टी. तिनं ती मुलासमोर धरली. त्यानं तारीख ओळखली, मधली चार-सहा अक्षरं ओळखली आणि कागद परत केला. पट्टीवर ‘संमती आहे’च्या चौकटीत खूण करायची की ‘नाही’च्या, हे दोघांनाही कळत नव्हतं. आईनं फोटो काढून व्हॉट्सॲपवरच्या आयांच्या गटावर टाकला आणि दोघं घराकडे वळले.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘भाषा आणि वस्ती’ हा विषय दिला, तेव्हा हाँगकाँग मनात येण्याचं कारण एकच होतं. पंच्याहत्तर लाखांच्या आतबाहेर वस्तीच्या या शहरात भारतीय, नेपाळी, पाकिस्तानी घरं पिढ्यान् पिढ्या नांदताहेत, आणि तरी त्यांच्याबद्दल पहिलं वाक्य ऐकू येतं ते हेच: ‘त्यांना भाषा येत नाही, म्हणून ते वेगळे राहतात.’ नेथन रोडच्या दोन्ही बाजूंच्या गल्ल्यांत हिंडलं की हे वाक्य टिकत नाही. भाषा येते. बाजारात, बसमध्ये, फुटबॉलच्या मैदानावर ती मुलं शहराची भाषा शहरासारखीच बोलतात. अडतं ते कागदाशी. आणि कागद वाचायला शिकवण्याचं काम ज्या शाळांचं, त्यांनी ते वर्षानुवर्षं अर्धंमुर्धं केलं. पुढचं सगळं या एका गोष्टीतून निघतं, असं माझं मत या गल्ल्या पाहून झालं आहे.

मुंबईहून निघालेली माणसं

चिम् शा चुईला नेथन रोडला फुटणारा एक रस्ता आहे, मोदी रोड. होर्मसजी नवरोजी मोदी हे मुंबईचे पारशी एकोणिसाव्या शतकात तरुणपणी हाँगकाँगला आले, व्यापारात श्रीमंत झाले आणि हाँगकाँग विद्यापीठाची मुख्य इमारत उभी राहावी म्हणून त्यांनी मोठी रक्कम दिली. इमारत पुरी झालेली पाहायला ते राहिले नाहीत. १९११ साली वारले. बंदर ओलांडणारी जी स्टार फेरी आज प्रत्येक पर्यटकाच्या फोटोत असते, तिची सुरुवातही दोराबजी नवरोजी मिठाईवाला या पारशानं केली. रतनजी या पारशी घराण्याच्या नावाचं रुग्णालय वान चायमध्ये अजून चालू आहे. मुंबई आणि हाँगकाँग यांच्यामधल्या व्यापारात अफूचा वाटा मोठा होता, हेही त्याच पानावर लिहायला हवं.

व्यापाऱ्यांच्या आधी आणि नंतर शिपाई आले. ब्रिटिशांनी १८४१ साली बेटावर निशाण लावलं तेव्हा त्यांच्याबरोबर हिंदी सैनिक होते. १८६०च्या दशकापासून पोलीस दलात पंजाबातून शीख भरती झाले, मग पंजाबी मुसलमान. शेउंग वानमधल्या जुन्या बाजाराच्या गल्लीला आजही लस्कर रो म्हणतात, ते बोटींवरच्या हिंदी खलाशांमुळे. वान चायचं गुरुद्वारा १९०१चं. काउलूनची मशीद १८९६ साली हिंदी मुसलमान सैनिकांसाठी बांधली गेली. आजची संगमरवरी इमारत १९८४ची.

नेपाळ्यांची गोष्ट वेगळी आणि जवळची. गुरखा पलटणींचं मोठं ठाणं ब्रिटिश राजवट संपेपर्यंत हाँगकाँगमध्ये होतं. त्या काळात इथं जन्मलेल्या अनेक मुलांना पुढे इथं राहण्याचा हक्क मिळाला. बाप निवृत्त झाला की कुटुंब नेपाळला परते, मुलं पोखऱ्याला किंवा धरानला वाढत, आणि नव्वदच्या दशकात वीस-बावीस वर्षांची होऊन जन्मगावी परत येत. जन्मदाखला हाँगकाँगचा, भाषा नेपाळी. बांधकामावर, पहारेकरी म्हणून, हॉटेलांच्या मुदपाकखान्यात त्यांनी कामं धरली आणि जॉर्डन, याउ मा तेइ, युएन लाँग या भागांत घरं केली. माशाच्या गोळ्यांच्या दुकानापाशी उभा असलेला मुलगा त्यांच्या पुढच्या पिढीचा.

२०२१च्या जनगणनेत चिनी वंशाचे नसलेले रहिवासी सहा लाखांच्या वर निघाले, लोकसंख्येच्या ८.४ टक्के. त्यातल्या निम्म्याहून जास्त म्हणजे घरकामासाठी आलेल्या फिलिपिनो आणि इंडोनेशियन बाया. त्या वगळल्या तर तीन लाखांच्या आसपास माणसं उरतात, आणि त्यांतली लाखभर दक्षिण आशियाई.

मक्-स्यूचा दिवस

याउ मा तेइच्या एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, एका स्वयंसेवी संस्थेचा संध्याकाळचा अभ्यासवर्ग भरतो. जिना अरुंद, खोलीत घड्या घालता येणारी टेबलं, कोपऱ्यात चपलांचा ढीग. पाकिस्तानी, नेपाळी, भारतीय मुलं आणि त्यांना शिकवायला आलेले विद्यापीठातले स्थानिक तरुण. आठवड्यातल्या ज्या दिवसाची सगळ्यांना धास्ती असते तो मक्-स्यूचा, म्हणजे श्रुतलेखनाचा. हाँगकाँगमध्ये शिकलेल्या कुणालाही हा शब्द नुसता उच्चारून बघा, चेहरा बदलतो. शिक्षक धड्यातले शब्द वाचतात, मुलांनी अक्षरं लिहायची. कधी शिक्षक वाचतही नाहीत: अख्खा उतारा पाठ करून यायचं आणि कोऱ्या कागदावर उतरवायचा. चुकलेल्या प्रत्येक अक्षराला गुण कापले जातात.

चौथीतली एक मुलगी चौकटींच्या वहीत ‘हाँगकाँग’ लिहीत होती. दुसरं अक्षर, ‘काँग’, बारा रेघांचं. आधी डावीकडे पाण्याच्या खुणेचे तीन फटकारे, मग उजवीकडचा भाग वरून खाली, ठरलेल्या क्रमानं. क्रम चुकला तर अक्षराचा तोल जातो आणि पुढच्या वेळी हात तेच चुकीचं गिरवतो. तिनं एकच अक्षर पूर्ण ओळभर लिहिलं, सहाव्या चौकटीत एक आडवी रेघ राहून गेली, शिकवणाऱ्या ताईनं तिथं लाल टिंब दिलं. मुलीनं खोडून पुन्हा लिहिलं. या एका शब्दाला तिनं पाच-सात मिनिटं दिली. प्राथमिक शाळा संपेपर्यंत अशी सुमारे ३,००० अक्षरं यावीत अशी अपेक्षा असते.

चिनी घरातल्या मुलालाही हे अवघडच जातं. पण त्याच्या पाठीशी आई असते, आजी असते, दुकानांच्या पाट्या वाचून दाखवणारा बाप असतो, आणि ऐपत असेल तर शिकवणी असते. या मुलीची आई उर्दू वाचते, थोडं इंग्रजी वाचते. घरी मक्-स्यूची तयारी करून घेणारं कुणी नाही.

त्यात आणखी एक पेच आहे, तो बाहेरच्या माणसाच्या सहज लक्षात येत नाही. मुलं जे बोलतात ते कँटोनीज, पण शाळेत जे लिहायचं ते प्रमाण चिनी, आणि त्याची वाक्यरचना नि पुष्कळसे शब्द उत्तरेकडच्या मँडरिनवर बेतलेले. ‘तो’, ‘नाही’, ‘चा’ यांसारखे रोजचे बारीक शब्दसुद्धा बोलताना एक आणि लिहिताना दुसरे. मराठी वाचकाला कल्पना यावी म्हणून सांगायचं तर, घरी-दारी मालवणी बोलणाऱ्या मुलानं लिहायचं मात्र हिंदीत, ते हिंदी वाचायचं पुन्हा मालवणी उच्चारांनी, आणि हे सगळं बाराखडी नसलेल्या लिपीत. म्हणून फुटबॉलच्या मैदानावर फाड फाड कँटोनीज बोलणारा मुलगा वर्तमानपत्रासमोर गप्प होतो. त्याला बोलता येतं हे बघून शिक्षक म्हणतात, हा अभ्यास करत नाही. त्याला वाचता येत नाही हे बघून शहर म्हणतं, याला भाषा येत नाही. दोघांचंही निदान चुकतं, आणि भोगतो मुलगा.

दोन दरवाजे, दोन्ही अडचणीचे

ब्रिटिश अमदानीत १९७४पर्यंत इंग्रजी ही एकटीच राजभाषा होती. अल्पसंख्याक घरांतल्या मुलांनी इंग्रजी शाळेत जावं, चिनीऐवजी फ्रेंच किंवा हिंदी-उर्दू घ्यावी आणि इंग्रजीच्या बळावर नोकरी धरावी, असा तो काळ होता. १९९७ साली सत्तांतर झालं. १९९८पासून बहुतेक माध्यमिक शाळा चिनी माध्यमाकडे वळवल्या गेल्या. बहुसंख्य मुलांच्या दृष्टीनं मातृभाषेतून शिक्षण ही रास्त गोष्ट होती. पण ज्यांची ती मातृभाषा नाही त्यांना ती कशी शिकवायची, याची काहीच तयारी झालेली नव्हती. नोकऱ्यांच्या जाहिरातींत चिनी लिहिता-वाचता येण्याची अट आली आणि आधीच्या पिढीला पुरलेलं इंग्रजी एकदम अपुरं पडलं.

मग आईबापांपुढे दोन दरवाजे राहिले. एक, ज्या शाळांत अल्पसंख्याक मुलंच जास्त, तिथं घालायचं. २००६च्या सुमारास सरकारनं अशा काही शाळा ठरवून त्यांना जादा पैसे दिले. तिथं मूल रमतं, ईदला-दिवाळीला शाळा सजते, शिक्षक समजून घेतात; पण वर्गात चिनी मूल जवळपास नसतं आणि चिनी भाषा खालच्या पायरीवरच राहते. दुसरा दरवाजा नेहमीच्या चिनी शाळेचा. तिथं तीस मुलांत आपलं मूल एकटं किंवा दोघांतलं एक. विज्ञान, गणित, इतिहास सगळं चिनीत. आणि दुसरी-तिसरीतच ते मागं पडायला लागतं. माझ्याशी बोललेल्या एका भारतीय आईनं मोठ्या मुलाला पहिल्या दरवाजातून धाडलं आणि धाकटीला दुसऱ्या. थोरला खुशीत शिकला आणि आज चिनी न वाचता येण्यामुळे अडला आहे. धाकटी वाचते, पण शाळेत जायचं म्हटलं की अजूनही तिच्या पोटात दुखतं. कुठला निर्णय बरोबर होता, हे त्या बाईंना ठरवता आलेलं नाही.

‘ठरवलेल्या’ शाळांचं ते नाव सरकारनं २०१३ साली काढून टाकलं. शाळा त्याच राहिल्या, मुलंही तीच. २०१४-१५पासून चिनी दुसरी भाषा म्हणून शिकवण्याची एक चौकट आली आणि अशी दहा किंवा अधिक मुलं घेणाऱ्या शाळांना वर्षाला आठ लाखांपासून पंधरा लाख हाँगकाँग डॉलरपर्यंत अनुदान मिळू लागलं. या पैशातून सहायक नेमले गेले, शाळेनंतरचे वर्ग सुरू झाले. हे खरं काम आहे, त्याचं मोल मी कमी करत नाही. पण चौकट म्हणजे अभ्यासक्रम नव्हे. चिनी मुलांसाठीचाच अभ्यासक्रम लहान लहान पायऱ्यांत मांडून दिलेला आहे. पहिल्या इयत्तेसाठी वेगळं पुस्तक, दुसरीसाठी त्याच्या पुढचं, आणि परकी भाषा शिकवण्याचं प्रशिक्षण घेतलेला शिक्षक, हे सगळं एकत्र हवं. ते अजूनही त्या त्या शाळेच्या मर्जीवर आणि कुवतीवर आहे.

दहावी-बारावीच्या टप्प्यावर याचा हिशेब होतो. शालान्त परीक्षेचा चिनी भाषेचा पेपर इतका कठीण की चिनी मुलंही त्याला मरणाचा पेपर म्हणतात. अल्पसंख्याक मुलांना त्याऐवजी ब्रिटनची एक सोपी चिनी परीक्षा देता येते आणि विद्यापीठात ती काही प्रमाणात चालते. पण तिची पातळी स्थानिक मुलांच्या दुसरी-तिसरीइतकी, असं शिक्षणक्षेत्रातले टीकाकार वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. प्रमाणपत्र हातात पडतं. ते घेऊन नोकरीला गेलं की पहिल्याच टेबलावर चिनीत भरायचा अर्ज पुढे येतो.

चुंगकिंगच्या लिफ्टपाशी

नेथन रोडवरच्या चुंगकिंग मॅन्शन्सबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. १९६१ साली बांधलेली, सतरा मजल्यांची, पाच भागांत विभागलेली ही इमारत. खाली मोबाइलची दुकानं, पैसे बदलून देणारे, समोसे, बिर्याणी, फोनची कार्डं. वर लहान लहान लॉज आणि खानावळी. गॉर्डन मॅथ्यूज या मानववंशशास्त्रज्ञानं वर्षानुवर्षं इथं काढून २०११ साली त्यावर पुस्तक लिहिलं. प्रत्येक भागाला दोन चिमुकल्या लिफ्ट, एक सम मजल्यांची, एक विषम. रांगेत आफ्रिकेतला व्यापारी, पंजाबी आचारी, पाठीवर पिशवी लावलेला युरोपी पर्यटक आणि भाजीच्या पिशव्या घेतलेली चिनी आजी एकामागं एक उभी असतात. लिफ्ट भरली की घंटा वाजते आणि शेवटी आलेला काही न बोलता बाहेर पडतो.

कितीतरी हाँगकाँगकर आईबापांनी मुलांना बजावून ठेवलेलं असे, त्या इमारतीत पाऊल टाकायचं नाही. ऑक्टोबर २०१९मध्ये यात एक मोठी गोष्ट घडली. शहरात आंदोलन पेटलेलं असताना वीस तारखेला पोलिसांच्या पाण्याच्या गाडीनं काउलूनच्या मशिदीच्या दारावर निळं पाणी मारलं. दुसऱ्या दिवशी शहराच्या मुख्य प्रशासक मशिदीत जाऊन माफी मागून आल्या. त्याच वीस तारखेच्या मोर्चात, चुंगकिंगच्या दारात दक्षिण आशियाई माणसं मोर्चेकऱ्यांना पाण्याच्या बाटल्या वाटत उभी होती. जेफ्री अँड्र्यूज त्यांच्यात होते, हाँगकाँगमधले अल्पसंख्याकांतले पहिले नोंदणीकृत समाजसेवक. मोर्चातली माणसं त्यांना ‘आपण सगळे हाँगकाँगकर’ म्हणत पुढे गेली. त्यानंतरच्या दिवसांत शेकडो स्थानिक लोक पहिल्यांदाच इमारतीत शिरले आणि खानावळींत जेवले.

त्या दिवसांबद्दल इथले दुकानदार आजही आनंदानं बोलतात. मला मात्र त्या आनंदाची मर्यादाही दिसते. सव्वा वर्षानं, जानेवारी २०२१मध्ये, कोरोनाच्या साथीत जॉर्डनचा जुना भाग रातोरात बंद केला गेला. तिथल्या विभागलेल्या, कोंदट खोल्यांत दक्षिण आशियाई कुटुंबं मोठ्या संख्येनं राहतात. त्या वेळी आरोग्य खात्याच्या एका अधिकाऱ्यानं, अल्पसंख्याक लोक एकत्र जेवतात, गप्पा मारतात, म्हणून संसर्ग पसरू शकतो, अशा अर्थाचं विधान केलं. एकाच मोरीवर चार बिऱ्हाडं का राहतात, हा प्रश्न बाजूला राहिला. घरमालक दक्षिण आशियाई आवाज ऐकून किंवा चेहरा पाहून जागा नाही म्हणतात, त्यातून ही दाटी होते. २००९पासून लागू असलेल्या वंशभेदविरोधी कायद्यानं असं नाकारणं बेकायदा आहे. सिद्ध करणं महाकठीण. आणि भाषेच्या कारणावरून नाकारलं तर तो कायदा थेट मदतीला येत नाही, कारण भाषा हा त्यातला निकष नाही.

आईची दुभाषी

सरकारी रुग्णालयात डॉक्टर इंग्रजी बोलतात. पण डॉक्टरपर्यंत पोचायच्या आधी नोंदणीची खिडकी असते, नंबर पुकारणारी बाई असते, औषधांची खिडकी असते. तिथं चालते कँटोनीज. म्हणून पाकिस्तानी आणि नेपाळी आया शाळेतल्या मुलीला सुट्टी घ्यायला लावून बरोबर नेतात. बारा-तेरा वर्षांची मुलगी आईच्या पाळीच्या तक्रारी परक्या पुरुषाला सांगते, रक्ताच्या रिपोर्टमध्ये काय आलं ते आईला सांगते, आणि वाईट असेल तर किती सांगायचं हेही तीच ठरवते. अशा एका मुलीनं, आता ती विशीत आहे, मला सांगितलं की आईला गाठ असल्याचं घरात सगळ्यांत आधी तिला कळलं. तिला ‘गाठ’साठी उर्दू शब्द माहीत नव्हता. तिनं आईला सांगितलं, डॉक्टर पुन्हा बोलावताहेत.

दुभाषे मिळतात. २००९पासून सरकारी पैशावर चालणाऱ्या केंद्रातून फोनवर हिंदी, उर्दू, पंजाबी, नेपाळी दुभाषी मागता येतो. रुग्णालयंही आगाऊ सांगितलं तर व्यवस्था करतात. पण ते मागायचं असतं हे माहीत असावं लागतं, आणि खिडकीवरच्या माणसानं तो फोन लावायला हवा. जिथं कर्मचाऱ्याला हे माहीत असतं तिथं दहा मिनिटांत काम होतं. जिथं नसतं तिथं मुलीची शाळा बुडते.

कामावर

दुपारी बाराच्या सुमारास मोंगकॉकच्या पदपथावर जेवण पोचवणारे पोरगे मोटरसायकली लावून बसलेले दिसतात. त्यांत पाकिस्तानी बरेच. पत्ता इंग्रजीत असतो, पण गिऱ्हाईकानं लिहिलेली टीप चिनीत: मागच्या दारानं ये, पहारेकऱ्याकडे ठेव, बेल वाजवू नको, बाळ झोपलंय. एकानं मला फोनचा कॅमेरा टिपेवर धरून भाषांतर कसं काढतो ते दाखवलं. यंत्रानं दिलेलं वाक्य धेडगुजरी होतं. त्यानं गिऱ्हाईकाला सरळ फोन लावला आणि अस्खलित कँटोनीजमध्ये सगळं विचारून घेतलं. कधी कधी टिपेत लिहिलेलं असतं की दक्षिण आशियाई माणूस पाठवू नका. असल्या टिपांची चर्चा वर्तमानपत्रांतही झाली आहे. तो म्हणाला, ‘ती टीप भाषांतर न करताच ओळखू येते.’

इथल्या पाकिस्तानी कुटुंबांतली जवळजवळ निम्मी माणसं दारिद्र्यरेषेखाली असल्याचं सरकारच्याच २०१६च्या आकड्यांवरून निघालेल्या अहवालात आलं. ही माणसं बेकार नाहीत. बांधकाम, गोदाम, रखवाली, डिलिव्हरी अशी कामं ती करतात, आणि त्यातून वर नेणारा जिना कागदावरच्या चिनीतून जातो. ज्या पोलीस दलात एके काळी पंजाबी शिपाई भरलेले होते, तिथं सत्तांतरानंतर चिनी लेखी परीक्षेच्या अटीनं त्यांच्या नातवंडांना दार बंद झालं. गेल्या दशकात हे थोडं सैल झालं. याउ मा तेइ-चिम् शा चुई भागाच्या पोलिसांनीच २०१३ साली अल्पसंख्याक तरुणांना चिनी शिकवून भरतीला तयार करणारा उपक्रम काढला, आणि त्यातून पोरंपोरी दलात गेली. शिकवलं की येतं, याचा याहून साधा पुरावा नको.

टीव्हीवर आणि रंगमंचावर मात्र बोलण्याचंच राज्य असल्यामुळे तिथं वाट लवकर मोकळी झाली. शीख घरातले क्यू बोबो कँटोनीज मालिकांतले लाडके नट झाले. विवेक महबूबानी इथंच जन्मले, स्थानिक शाळेत शिकले आणि कँटोनीजमध्ये विनोदाचे एकपात्री कार्यक्रम करतात. त्यांना बोलताना ऐकून प्रेक्षक आश्चर्यानं टाळ्या वाजवतात. या आश्चर्याचा थकवा मला इथं वाढलेल्या अनेकांच्या बोलण्यात जाणवला. तीस वर्षं याच गल्लीत राहणाऱ्या माणसाला टॅक्सीवाला म्हणतो, ‘वा, तुझं कँटोनीज किती छान!’ त्याच्या चिनी शेजाऱ्याला असं कुणी म्हणत नाही.

ज्यांना भाषा येते आणि ज्यांना लागत नाही

भाषा आली की आपलं मानलं जातं, हे सूत्र आणखी दोन ठिकाणी तुटतं. एक, घरकामाच्या बाया. साडेतीन लाखांहून जास्त बाया या शहराची लेकरं आणि म्हातारी माणसं सांभाळतात. इंडोनेशियन बायांना निघण्याआधीच प्रशिक्षण केंद्रात कँटोनीज शिकवतात. व्हिक्टोरिया पार्कात रविवारी घोळक्यानं बसलेल्या त्यांच्यातल्या कितीतरी जणी ज्या आजीला आंघोळ घालतात तिच्याशी तिच्याच बोलीत भांडतातही. पण इतर परदेशी माणसाला सात वर्षांनी मिळणारा कायमचा वास्तव्याचा हक्क त्यांना नाही, मग वीस वर्षं का राहिलेल्या असेनात. २०१३ साली सर्वोच्च अपील न्यायालयानं हेच कायम केलं.

दुसरं टोक तुंग चुंग आणि डिस्कव्हरी बेच्या इमारतींत. तिथं बँकांत, आयटीत काम करणारी मराठी कुटुंबंही आहेत. मुलं इंग्रजी माध्यमाच्या आंतरराष्ट्रीय शाळांत, शेजार इंग्रजी बोलणारा. दहा-बारा वर्षं राहून कँटोनीजची पाच वाक्यं येतात, आणि कुणाचं काही अडत नाही. ‘अल्पसंख्याकांचा भाषेचा प्रश्न’ म्हणताना त्यांच्याकडे कुणी बोट दाखवत नाही. एका पुणेकर गृहस्थांनी फार प्रामाणिकपणे मला सांगितलं, ‘माझ्याकडे भाषा नाही आणि मला त्याचा त्रास नाही. खाली गेटवर बसणाऱ्या नेपाळी दाजूंकडे माझ्या दसपट भाषा आहे आणि त्यांना त्रास आहे.’

आणि ज्या भाषेसाठी हे सगळं, ती स्वतः निर्धास्त नाही. अनेक प्राथमिक शाळांत चिनी विषय आता मँडरिनमधून शिकवतात. कँटोनीज घरी किती बोललं जातं, पोरं तिच्यातले जुने शब्द विसरताहेत का, ही काळजी मला तिथल्या चिनी आईबापांकडून ऐकायला मिळाली, आणि ती ऐकताना दादर-गिरगावातल्या गप्पा ऐकतोय असं वाटत होतं. आपल्याकडेही २०२०च्या कायद्यानं सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली. कायदा मला मान्य आहे. पण धारावीतल्या तमिळ किंवा उत्तर भारतीय घरातल्या मुलाला मराठी दुसरी भाषा म्हणून पायरीपायरीनं शिकवणारं पुस्तक आणि शिक्षक किती शाळांत आहेत, हे आपण विचारत नाही. ‘इथं राहता, मराठी आलीच पाहिजे’ म्हणून मोकळे होतो. भाषेची काळजी असलेल्या शहरानं तिची शिकवणी आधी उघडली पाहिजे. नवा बोलणारा मिळाला तर भाषा वाढते, आणि हाँगकाँगमध्ये असे बोलणारे दारात उभे आहेत.

तिचा अर्ज

अभ्यासवर्गातल्या लाल टिंबांची जबाबदारी जिच्याकडे होती ती चोवीस वर्षांची ताई पाकिस्तानी घरातली. जन्म काउलूनचा, आजोबा पोलिसात होते. दिवसा ती एका बालवाडीत सहायक आहे. तिच्यामुळे तिथली उर्दू बोलणारी चिमुरडी पहिल्या दिवसापासून कँटोनीज गाणी म्हणतात. शिक्षिका होण्यासाठी लागणारी चिनीची पातळी तिच्याकडे नाही. ती अल्पसंख्याकांच्याच शाळेत शिकली. गेल्या वर्षापासून ती रात्रीच्या वर्गाला जाते, रोज वर्तमानपत्रातली एक बातमी हातानं उतरवते, अडलेल्या अक्षरांखाली पेन्सिलनं रेघ मारते आणि रविवारी ती सगळी अक्षरं पुन्हा लिहिते.

तिच्याकडे कायमच्या रहिवाशाचं ओळखपत्र आहे, त्यावरचे तीन तारे तिनं मला दाखवले. पण हाँगकाँगचा पासपोर्ट हवा तर चिनी नागरिकत्व लागतं, त्यासाठी पाकिस्तानी नागरिकत्व सोडावं लागतं, आणि अर्जाचा विचार करताना पुरेशी चिनी भाषा येते का हेही पाहतात. यावरून घरात वाद आहे. वडिलांना वाटतं, आपलं ते सोडू नये. तिचं म्हणणं, ती पाकिस्तानात आयुष्यात दोनदा गेली आहे, लग्नांना. आईनं कुणाचीच बाजू घेतलेली नाही. फी किती, एवढंच विचारलं.

अर्ज इंग्रजीत भरला तरी चालतो. ती चिनीत भरणार आहे. कच्ची प्रत तिच्या पिशवीत होती: नाव, पत्ता, शाळांची यादी, नोकरी झालेलं. ‘इथं राहण्याचं कारण’ या रकान्यात दीड ओळ लिहून खोडलेली होती. वाक्यरचना बोलण्यातली झाली, लिहिण्यातली नाही, असं तिचं मत. शनिवारी रात्रीच्या वर्गातल्या बाईंना विचारून ती नीट करून घेणार होती.